जिवंत बोंडअळीच्या शोधात आर्णीला

गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्याचा कापूस खाल्ला, त्या वर्षी तिकडे पुष्कळ लोक जाऊन आले. पुढारी गेले, समित्या गेल्या, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी गेले, कॅमेरेवाले गेले. प्रत्येकानं एक बोंड फोडलं, अळी तळहातावर घेऊन फोटो काढला, तिला कसं मारावं ते शेतकऱ्यांना समजावून सांगितलं आणि संध्याकाळच्या आत परतीची गाडी धरली. ती अळी जिवंत, धडधाकट आणि शक्यतो सुखात असलेली पाहिजे म्हणून गेलेली मी बहुधा एकटीच असेन.

मी मिरजेच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्या संशोधनाचा विषय लग्नकार्यात कोणी विचारला तर मी पटकन जेवणाकडे वळते. इथे मात्र सांगणं भाग आहे. किड्याच्या अंगात जंतू शिरला की त्याचं शरीर प्रथिनांचे आखूड तुकडे तयार करतं. त्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि ते जंतूच्या कातडीला भोकं पाडून त्याला मारतात. हे खरंच होतं का ते तपासायची रीत सोपी आहे. मेलेल्या जंतूंत बुडवलेली बारीक सुई अळीला टोचायची, एक दिवस थांबायचं, मग तिचं रक्त काढायचं. काचेच्या प्लेटवर जिवंत जंतू पसरायचे, मध्ये छोटं भोक करून त्यात ते रक्त घालायचं आणि प्लेट उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी प्लेटभर जंतूंची साय धरते. रक्तात दम असेल तर भोकाभोवती साय धरत नाही, स्वच्छ गोल कडं दिसतं.

या कड्यावर माझी पीएच.डी. अडकली होती. मुदतवाढी मागून झाल्या होत्या. माझे मार्गदर्शक म्हणाले, यवतमाळकडच्या आर्णीच्या कॉलेजात ओळखीचे प्राध्यापक आहेत, तिथेच तपासून पाहा, कडं आलं तर पुढचं बोलू. ते स्वतः का आले नाहीत, तर त्यांना अळ्यांची किळस येते. आयुष्यभर किड्यांवर काम केलेल्या माणसाबद्दल हे सांगताना मला फार आनंद होतो.

आर्णी

आर्णीचे प्राध्यापक म्हणजे बक्षी सर. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, स्वतः कॉलेजात प्राणीशास्त्राचे विभागप्रमुख. घराण्यात कागदाला हात लावल्याशिवाय कोणी जेवलेलं नाही. त्यांच्याकडे उतरले. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात आणि तो 'नको' म्हणेल अशी थोडी आशा ठेवतात. इथे चहा आधी समोर येतो, मग तुम्ही कोण ते विचारतात. न्याहारीला तर्रीत बुडालेला आलूबोंडा आला. आम्ही सांगली-मिरजेकडचे, आम्हाला तिखटाचं काय, असं मी जरा ऐटीत म्हणून गेले. दुसऱ्या घासाला माझे कान बंद झाले. बक्षी वहिनींनी दह्याची वाटी पुढे सरकवली, आणि सरकवता सरकवता सांगितलं की पाहुणी कितीही दिवस राहो, अळी मात्र या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

अळी शोधायला निघाले तेव्हा वाटलं होतं, त्या वर्षी तिथे दुसरं काय मिळणार? बोंड उचलावं आणि अळी घ्यावी. पण मला औषध न लागलेली अळी हवी होती, आणि औषध न मारलेलं वावर त्या तालुक्यात सापडेना. एकाच पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, चार चार औषधांचं मिश्रण मारलेलं. माणसांचे डोळे चुरचुरत होते आणि अळी बोंडाच्या आत दार लावून निवांत जेवत होती. शेवटी बसस्टँडजवळच्या कृषी केंद्रात विचारलं. दुकानदारानं माझं पहिलंच वाक्य ऐकून बाटली काढली. मला ती जिवंत हवी आहे म्हटल्यावर त्यानं बाटली परत ठेवली आणि माझी कंपनी कोणती ते विचारलं.

कंपनी नाही म्हटल्यावर त्याला हसू फुटलं. म्हणाला, मग बंजारा तांड्यावरच्या परसराम राठोडकडे जा. तो फवारत नाही, बंदा तालुका हसून राह्यला त्याले.

तांडा

परसराम राठोड पन्नाशीचे असतील. उंच, मान किंचित वाकडी करून बघणारे. आदल्या हंगामात फवारताना वारं फिरलं आणि औषध तोंडावर आलं. दवाखान्यातून जिवंत परतले, पण नजर गेली ती गेलीच. सगळं जग धुवट कापडाआडून बघितल्यासारखं दिसतं म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या वावरात कोणाच्या पाठीला पंप लागला नव्हता. मजुराच्याही नाही. हे ऐकताना मी कशासाठी आले आहे याची मला लाज वाटली.

तांड्याचं म्हणणं वेगळं होतं. याच्या वावरातली अळी आमच्या वावरात येते, हा अळ्या पोसतो, असं शेजारी उघड बोलत. तांड्याच्या नायकांनी पऱ्हाटी उपटून टाकायला सांगितली होती. नायकांचं चुकत नव्हतं. परसरामनाही ते कळत होतं, पण सगळे हसत असताना उपटायची म्हणजे आपण वेडे होतो हे कबूल करणं, म्हणून ते अडून बसले होते. अशात मी जाऊन उभी राहिले, माझा प्रयोग सांगितला आणि अळ्या मागितल्या. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

"माराले नाही पाह्यजे?"

"नाही. जिवंतच हव्यात."

त्यांनी मान वाकडी करून मला न्याहाळलं. मग म्हणाले, "या अळीच्या रक्तानं दुसऱ्या जंतूले मारता येते, असं निघालं, तं मले लोकायले तोंड दाखवता येईन. म्या म्हणीन, म्या रोग नाही पोसला, दवा पोसली." मी म्हटलं, निघेलच असं नाही. ते म्हणाले, पाहा तं खरं. नायकांकडे जाऊन त्यांनी माझा तपास होईपर्यंतची मुदत मागून घेतली. माझ्या पीएच.डी.ला विद्यापीठानं इतक्या सहज मुदत कधी दिली नव्हती.

त्यांची बायको जमनाबाई म्हणजे घरातला खरा कारभार. नाकात मोठा भुरिया, कमरेला मोबाइलची पिशवी, आणि बोलणं समोरच्याला उभं करणारं. दुपारी तिनं जेवायला बसवलं. बाजरीची बाटी आणि सळोई. सळोई कशाची, असं मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. बकऱ्याच्या रक्ताची निघाली. माझा हात थांबलेला बघून तिनं विचारलं, तुम्ही अळीचं रक्त काढून काय करणार? मी म्हटलं, प्लेटमध्ये घालणार. "मंग आम्हीबी ताटातच घालतो," ती म्हणाली. मी घास तोडला. काळिजासारखी दाट, मिऱ्याच्या चवीची; मी दुसऱ्यांदा घेतली.

मग अंगणात बोंडं फोडून अळ्या निवडल्या आणि टोचायला बसले. तांडा जमला. अळीला इंजेक्शन देणारी डॉक्टरीण ही बातमी पसरली आणि एका म्हाताऱ्यानं लंगडी शेळी आणून माझ्यासमोर उभी केली. तिला सुई मारता येणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, अळीले देता अन् शेळीले नाही? त्याचा राग मला पटला.

टोचलेल्या अळ्या एका स्टीलच्या डब्यात, न टोचलेल्या दुसऱ्या डब्यात ठेवल्या. न टोचलेल्या कशाला, तर टोचल्यानं काही फरक पडला की नाही ते त्यांच्याशी ताडून बघायला. खायला कोवळ्या भेंडीचे काप घातले. भेंडी कपाशीच्या भावकीतली, अळीला चालते. उरलेल्या बारक्या अळ्या मी बाजूला काढल्या. त्या जमनाबाईनं उरलेल्या भेंडीसकट कोंबड्यांसाठी एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या.

आता डबे ठेवायचे कुठे? वहिनींचा उंबरा बंद. कॉलेजला जयंतीची सुट्टी, आणि तिला जोडून रविवार. जमनाबाईनं डबे माझ्या हातातून घेतले आणि म्हणाली, "तुमची अमानत हाय बाई. मरू नाही देणार." मी निर्धास्त होऊन आर्णीला परतले. असा निर्धास्तपणा मला एरवी कधी वाटत नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.

कॉलेज

सुट्टी संपल्यावर डबे आणले तर अळ्या ठणठणीत. एकही मेली नव्हती. अळीचं रक्त लाल नसतं, फिकट सरबतासारखं असतं, आणि हवा लागली की काळं पडतं, म्हणून ते बर्फावर ठेवावं लागतं. कॉलेजच्या फ्रीजमध्ये बर्फ नव्हता, कारण फ्रीजमध्ये हिशेबनीसांच्या फायली होत्या. तेवढं एकच कपाट उंदीर लागत नाही असं होतं. बर्फ गोळेवाल्याकडून आणला. त्याला कालाखट्टा चिकटलेला होता, तो धुऊन काढण्यात अर्धा बर्फ गेला. बक्षी सर प्रत्येक पायरीला 'होऊन राहिलं, मॅडम, होऊन राहिलं' असं म्हणत होते, आणि खरंच सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली. कडं होतं. कडं म्हणजे किती, तर रुपयाएवढं, लख्ख, त्यात जंतूचा कण नाही. इतकी वर्षं मी केसाएवढ्या कड्यासाठी भिंगातून डोळे फोडले होते. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. बक्षी सरांनी खिडकीतून शिपायाला पेढे आणायला पिटाळलं.

मग माझी नजर दुसऱ्या भोकाकडे गेली. त्यात न टोचलेल्या अळीचं रक्त होतं. त्याच्याभोवतीही रुपयाएवढंच कडं.

हे होता कामा नये. ज्या अळीच्या अंगात जंतू गेलाच नाही, ती एवढी हत्यारं कशाला तयार करेल? मी हे बक्षी सरांना सांगितलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "आमच्याकडची अळी आहे, मॅडम. विदर्भाचं ऊन खाऊन राहिली ती. तिला टोचायची गरजच नाही." पेढे येईपर्यंत प्राचार्यही आले. त्यांना दोन्ही कडी फार आवडली. एकाच्या जागी दोन आहेत, यात तक्रार काय, असं त्यांनी विचारलं. मी पुन्हा तपासू म्हणेपर्यंत त्यांनी बातमीदाराला फोन लावला होता.

छापून आलं: 'बोंडअळीच्या रक्तात संजीवनी'. मार्गदर्शकांचा मिरजेहून फोन आला आणि त्यांनी स्वतःचं अभिनंदन केलं. बक्षी वहिनींनी मला सांगितलं की आता पेपरात आलेली अळी घरात आणायला हरकत नाही, फ्रीजवर जागा आहे. कॉलेजच्या फाटकाशी माणसं डबे, बरण्या, तेलाचे कॅन घेऊन उभी राहिली. आत वळवळणाऱ्या अळ्या. भाव काय काढला, असं विचारत होती. काहींनी पऱ्हाटी उपटायची थांबवली होती, अळी वाया जाईल म्हणून. कृषी केंद्रवाल्यानं औषधांच्या शेजारी झाकणाला भोकं पाडलेले डबे मांडले.

परसराम धुतलेला सदरा घालून आले. त्यांना प्लेट बघायची होती. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. त्यांनी मान वाकडी केली, प्लेट डोळ्यांजवळ घेतली, लांब नेली, परत जवळ आणली.

"दिसून राह्यलं," ते म्हणाले. "मले दिसून राह्यलं, मॅडम. हे गोल हाय."

त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी दुसऱ्या भोकाबद्दल काही बोलले नाही. मी जमनाबाईला गाठायला तांड्यावर निघाले.

पुन्हा तांडा

अळ्यांना खायला काय दिलं, एवढंच मी विचारलं. जमनाबाईनं अभिमानानं सांगितलं. डबे घरात ठेवले त्या संध्याकाळीच दोन-तीन अळ्या मेल्या होत्या. पाहुणीची अमानत, आणि आपल्या घरात मरते, म्हणजे काय इज्जत राहिली? तिनं फडताळातून कोंबड्यांच्या औषधाची पुडी काढली. मागे कोंबड्यांवर रोग आला होता तेव्हा जनावरांच्या डॉक्टरानं दिलेली, पिवळी भुकटी. ती पाण्यात कालवून त्यात भेंडीचे काप भिजवले आणि अळ्यांना घातले. दोन्ही वेळ. मग एकही मेली नाही. मेलेल्यांच्या जागी नव्या अळ्या भरून तिनं डबे पहिल्यासारखे करून दिले होते.

पुडी बघितली. जंतू मारायचं औषध, चांगलं जोरदार. प्लेटवरचं कडं त्याचं होतं. अळीचा त्यात एवढाच वाटा, की ते तिनं खाल्लं होतं.

मी ओसरीवर बसून राहिले. राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळेना. आमच्या मोठ्या प्रयोगशाळेत डबे ठेवले असते तर अळ्या बिनघोर मेल्या असत्या. तिथे पाहुण्याची लाज धरणारं कोणी नव्हतं. जमनाबाईनं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, काहून, चुकलं काही? मी सगळं सांगितलं.  ती डोक्यावरची ओढणी पुढे ओढून आत गेली आणि चहा घेऊन आली.

तेवढ्यात अंगणात कोंबडी पत्र्याच्या डब्यावर टोच मारू लागली. झाकणावर दगड होता म्हणून आतलं वाचलं होतं. मी विचारलं, यातल्यांना औषध घातलं होतं का?

"त्यायले कायले?" जमनाबाई म्हणाली. "थ्या तं कोंबड्यायच्याच व्हत्या."

कोंबडीला हाकलून मी डबा घेतला. बऱ्याच अळ्या आधीच कोंबड्यांना घालून झाल्या होत्या, पण काही उरल्या होत्या, आणि त्यांनी साध्या भेंडीशिवाय काही खाल्लं नव्हतं. काहींना तिथेच सुई टोचली, काही तशाच ठेवल्या. या वेळी डबे वहिनींच्या फ्रीजवर, माझ्या डोळ्यांसमोर राहिले.

नवी प्लेट उघडली. न टोचलेल्या अळीच्या भोकाभोवती साय काठापर्यंत चढलेली, कडं नाही. टोचलेल्या अळीच्या भोकाभोवती एक कडं. नखाच्या कोरेएवढं. भिंग न लावता दिसायला उजेड तिरपा धरावा लागत होता. पण जिथे असायला हवं तिथे होतं, आणि जिथे नसायला हवं तिथे नव्हतं.

प्राचार्यांना ते दाखवलं. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाले की फोटोत हे येणार नाही, पहिलंच राहू द्या. मी म्हटलं, सर, पहिलं कोंबड्यांच्या औषधाचं आहे. त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, पण पचवलं तर अळीनंच ना? त्या पहिल्या प्लेटचा मोठा केलेला फोटो अजून त्यांच्या केबिनमध्ये आहे असं बक्षी सर सांगतात. बातमीदाराला फोन केला तर तो म्हणाला, आधीची बातमी चुकली ही बातमी होत नाही. शेवटी मी फाटकाशी उभी राहून बरण्यावाल्यांना एकेक करून सांगितलं की अळ्यांना गिऱ्हाईक नाही, पऱ्हाटी उपटा. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते आधीच्या सगळ्या समित्यांकडे बघावं तसंच. मार्गदर्शकांना कळवलं. एवढंसं कडं चालेल का, ते बघू म्हणाले, आणि अभिनंदन परत घेतलं.

निघण्याआधी तांड्यावर गेले. परसराम दारातच बसले होते. जमनाबाईनं त्यांना सांगितलं होतं, पण मला स्वतः सांगायचं होतं. ते मोठं कडं खोटं होतं, म्हटलं. अळीचं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि पायाजवळची काडी मोडत राहिले. मला कधी कोणाला काही सांगणं इतकं जड गेलेलं नाही.

मग मी नवी प्लेट काढली आणि म्हटलं, हे अळीचं आहे. बारीक आहे, पण हे तिचंच.

त्यांनी प्लेट घेतली. मान वाकडी केली, जवळ नेली, लांब नेली, उन्हात तिरपी धरली. परत जवळ. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी बोट दाखवून जागा सांगायला गेले आणि थांबले.

त्यांनी प्लेट बायकोकडे दिली.

जमनाबाईनं ओढणी मागे सारली आणि उंबऱ्याबाहेर उजेडात जाऊन बसली. बराच वेळ बघत होती. या वेळी तिला मला खूश करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"हाय," ती म्हणाली. "माह्या भुरियाच्या तारेएवढं हाय. पन हाय."

परसरामनी मान हलवली. उठून भिंतीला टेकवलेला विळा हातात घेतला, धारेवरून अंगठा फिरवला.

"मंग उद्या उपटतो पऱ्हाटी," ते म्हणाले, आणि मला चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाले.